भवानीचं गिऱ्हाईक

"पण बुवा, यात माझं काय चुकलं?"

सिदराम घोंगडीवाल्यानं पुन्हा विचारलं. रेवणबुवांसाठी आणलेलं नवं घोंगडं त्यानं मठात त्यांच्या पुढ्यात ठेवलं होतं. मोबाइल मात्र हातातच होता.

"काय झालं ते तर सांग."

"सकाळी दुकान उघडलं आणि कोंडाबाई आली. तिच्याच मेंढरांची लोकर आम्ही घेतो. नवरा तापानं कुडकुडतोय, घोंगडं हवं होतं. भाव ऐकून म्हणाली, थोडं कमी कर. मी नाही म्हटलं. गेली तशीच."

"भवानीचं गिऱ्हाईक?"

"हो..."

दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक सिदरामच्या वडिलांनी कधी रिकाम्या हातानं जाऊ दिलं नव्हतं. चार पैसे सोडायचे, पण भवानी करायचे.

"का नाही म्हटलंस?"

"ऑनलाइन कंपनीचा नियम आहे. त्यांचं कमिशन धरून तिथला भाव ठरतो. त्याहून स्वस्त कुठंच विकायचं नाही, स्वतःच्या दुकानातसुद्धा. विकलं, तर माझा माल यादीत पार खाली ढकलतात. कुणाला दिसतच नाही." मग त्याची मान ताठ झाली. "पण बुवा, आज माझं घोंगडं दिल्लीला जातं! मी कुणाचा नोकर नाही. मालक आहे."

"वा!" बुवा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. रेवणबुवांचं हेच मोठेपण. ते कुणावर रागावत नाहीत, त्यामुळं त्यांच्यापुढं लपायला जागाच उरत नाही.

ते उठले. सिदरामच्या हातातला मोबाइल घेऊन आपल्या आसनावर ठेवला. स्वतः खाली, सिदरामशेजारी बसले आणि हात जोडले.

"मालक, कोंडाबाईचा नवरा कुडकुडतोय. थोडं कमी करा की."

मोबाइल गप्प...

"घासाघीस चालत नाही वाटतं यांना," बुवा हळूच म्हणाले.

सिदरामला हसू आलं, आणि लगेच डोळेही भरून आले.

"मग कंपनी सोडू का?"

"छे! दिल्लीतसुद्धा थंडी असते."

"मग हे घोंगडं तिला नेऊन देतो."

"हे तू मला दिलंस. माझ्या घोंगड्याला हात लावू नकोस."



आसनावरचा मोबाइल वाजला. नवी ऑर्डर आली होती. सिदरामचा हात पुढं गेला, आणि मध्येच थांबला...

बुवांनीच मोबाइल उचलून त्याच्या हातात दिला. मग रिकाम्या आसनाकडं पाहत म्हणाले,

"उद्या सकाळी दुकानाच्या गादीवर कोण बसणार आहे, सिदराम?"