म्हाळूअण्णाचा नंबर

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. भोळा हा शब्द त्याच्या बायकोचा. गावाचा शब्द वेगळा आहे, पण समोर पोरं बसलीत म्हणून राहू द्या. गाव आमचंच, कुरणवाडी. माणसाचं नाव म्हाळसाकांत. एवढं लांब नाव त्याच्यावर कोण खर्च करणार? सगळे म्हाळूअण्णा म्हणायचे.

त्याच्या गिरणीत पद्धत अशी होती. बायका दळणाचा डबा आणून रांगेत ठेवायच्या आणि घरी जायच्या. डबा रांगेत म्हणजे माणूस रांगेत. मात्र भिंतीवर अण्णानं लाल रंगात लिहून ठेवलं होतं: 'नंबर आला आणि माणूस हजर नसला तर पुढचा डबा घेतला जाईल. तक्रार चालणार नाही.' हा नियम त्यानं कुणासाठी मोडला नाही. माझा डबा दोनदा ओलांडला. दोन्ही वेळा मी दारात उभा होतो, आत नव्हतो, म्हणून. माझं सोडा. लेकीच्या लग्नात त्यानं बायकोचा डबा ओलांडला. शेवंतावहिनी चाळण आणायला चार पावलं गेली होती. घरात पाव्हण्यांच्या पंगती अडल्या, आणि हा म्हणतो, "नियम म्हणजे नियम." वहिनी तेव्हा काही बोलली नाही. बाईचं ते न बोलणं अण्णाला कळायला हवं होतं. पण त्याला कळलं असतं तर ही गोष्ट कशाला सांगितली असती?

लेक वैजयंता लग्नानंतर जर्मनीला गेली. तिकडं तिला दिवस राहिले. सासू हयात नव्हती, शेजारणीची भाषा कळत नव्हती. फोनवर रडायची. "आई, तू ये गं. मला इथं कुणी नाही." वहिनीनं तेव्हापासून एकच ध्यास घेतला, लेक मोकळी व्हायच्या आत तिथं पोचायचं. जावयानं दोघांची तिकिटं काढायचं ठरवलं. एकच काढायला हवं होतं, पण तो बिचारा नवीन होता.

झालं! अण्णाला काळज्या सुरू झाल्या. गिरणीचा पट्टा फिरत असायचा आणि हा पोत्यावर बसून विचार करायचा. विमानात झोप लागली आणि आपलं गाव पुढं निघून गेलं तर? तिकडं सकाळ आपल्यानंतर होते, मग सकाळची रक्तदाबाची गोळी दोनदा घ्यायची का? जर्मनीतल्या कुत्र्यांना 'हाड' म्हटलेलं कळत असेल का? ही शेवटची काळजी त्याला फार छळायची. दळणाला आलेल्या प्रत्येक बाईला तो हे विचारायचा. बायका म्हणायच्या, "कळत असंल की." त्याचं समाधान व्हायचं नाही.

पहिलं काम पासपोर्टच्या फोटोचं. तालुक्याला रऊफभाईच्या स्टुडिओत अण्णा बसला आणि असा हसला, असा हसला, की दाढांतली सुपारी फोटोत आली. फोटो परत. रऊफभाई वैतागला.

"अण्णा, परदेशाच्या कामात हसायचं नाही. तोंड मिटायचं, मान ताठ, नजर समोर."

"बरं. लक्षात राहील," अण्णा म्हणाला.

इथंच सगळा घोळ होता. त्याच्या लक्षात राहायचं.

आठ दिवसांनी पासपोर्टच्या चौकशीला ढमाले हवालदार गिरणीत आले. परदेशाचंच काम! अण्णानं तोंड मिटलं, मान ताठ केली, नजर समोर लावली.

"नाव काय?"

अण्णा गप्प.

"इथं किती वर्षं राहताय?"

अण्णा गप्प. डोळ्याची पापणीसुद्धा हलवेना.

हवालदारांनी वहीत काहीतरी खरडलं. तेवढ्यात वहिनी पदराला हात पुसत धावत आली. चहा दिला, कागद दाखवले, लेकीची अवस्था सांगितली, हात जोडले. हवालदार नरमले. जाताना अण्णाला म्हणाले, "अहो, सरकारी माणसानं विचारलं की तोंड उघडायचं. काही लपवायचं नाही. सगळं सांगून मोकळं व्हायचं."

"बरं. लक्षात राहील."

मग व्हिसाचं ऑफिस. काचेमागं एक बाई बसलेली, मराठी बोलणारी. तिनं साधं विचारलं, "कशासाठी जाताय?"

अण्णा मोकळा व्हायला लागला. लेकीचं बाळंतपण सांगितलं. मग आपलं हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. भावाबरोबर बांधावरून झालेलं भांडण सांगितलं. गेल्या दिवाळीत गव्हाच्या दळणात ज्वारी मिसळली तेही सांगितलं. माझंच दळण होतं ते! मी बायकोला बोल लावला होता, की भाकरीसारख्या चपात्या कसल्या करतेस.

"परत कधी येणार?" बाईंनी विचारलं.

"बाई, तुमच्यापासून काय लपवायचं? हिचं मन तिकडं रमलं तर ही काय परत यायची नाही. मला सोडून राहायचं म्हटलं की हिच्या तोंडावर तेज येतं."

बाईंनी फाईल मिटली. वहिनी पुढं सरसावली. ती काचेला जवळजवळ चिकटली. "बाई, माझं ऐका. घर माझ्या नावावर आहे, म्हैस गाभण आहे, परतीची तिकिटं ही बघा. पोरगी एकटी आहे हो. तुम्हालाही आई असेल." बाईंनी तिच्याकडं बघितलं, अण्णाकडं बघितलं आणि फाईल पुन्हा उघडली. मला वाटतं, वहिनीची दया आली असावी. मग अण्णाला म्हणाल्या, "आजोबा, इथून पुढं विचारलं तेवढंच बोला. विचारलं नाही तर तोंड उघडू नका."

"बरं. लक्षात राहील."

निघायचा दिवस उजाडला. वहिनीनं डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेप आणि जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी गिरणीतल्याच एका डब्यात भरली, वर फडकं बांधलं. विमानतळाच्या दारात पोचतात तोच जावयाचा फोन आला. दिवस भरायला अजून आठवडा होता, पण वैजूला कळा सुरू झाल्या होत्या. दवाखान्यात नेलं होतं. ती सारखं एकच विचारत होती, आई निघाली का?

वहिनीनं पदर खोचला. "अहो, हे विमान चुकता कामा नये. तुम्ही रांगेत राहा, मी बाथरूमला जाऊन आले."

अण्णा रांगेत उभा राहिला. पुढं चाळीस माणसं. त्यानं आजूबाजूला बघितलं आणि त्याला सगळ्यांची कीव आली. एवढी शिकलेली माणसं आणि स्वतः उभी राहतात! त्यानं फडक्यात बांधलेला डबा रांगेत ठेवला, नंबर लावला आणि चहाला गेला.

वहिनी परत आली तेव्हा डब्याभोवती दोरी बांधली होती. लोकांना लांब हटवलं होतं. चार बंदूकवाले होते, एक कुत्रा होता, आणि कुत्रा डबा हुंगत होता. अण्णा चहाचा कप घेऊन दोरीपाशी उभा राहून मजा बघत होता.

बंदूकवाल्यांचे मिशीवाले साहेब ओरडले, "ए, कोण तुम्ही?"

"म्हाळसाकांत."

"इथं काय करताय?"

"चहा पितोय."

"हा डबा कुणाचा, माहीत आहे का?"

"माहीत आहे."

साहेब वाट बघत राहिले. अण्णाही वाट बघत राहिला. विचारलं तेवढंच बोलायचं होतं ना!

"अहो, मग कुणाचा?"

"माझा." एवढं बोलून त्यानं कुत्र्याला 'हाड' म्हणून बघितलं. कुत्रा हलला नाही. अण्णाचा चेहरा पडला. एवढे दिवस ज्याची भीती होती तेच झालं.

डबा उघडला. दुपटी उलगडली. लाडू एक एक करून यंत्रातून काढले. पाऊण तास गेला. वहिनी सारखी घड्याळाकडं बघत होती. शेवटी साहेबांनी सोडलं आणि अण्णाला दम भरला. "सामान बेवारशी टाकून जायचं नाही! सामानाजवळ माणूस पाहिजे. समजलं?"

"बरं. लक्षात राहील."

धावतपळत सगळे सोपस्कार उरकले आणि दोघं विमानाच्या दारापाशी पोचली. रांग लागली होती. अण्णानं डबा खाली ठेवला आणि वहिनीला शेजारी उभं केलं. दोन पावलं मागं जाऊन नीट बघितलं.

"सामान आहे. सामानाजवळ माणूस आहे. आता नंबर कुठं जात नाही. मघाशी चहा अर्धाच झाला, तेवढा पिऊन येतो."

"अहो, विमान सुटेल!"

"नंबर लावलाय ना," अण्णा म्हणाला आणि गेला.

रांग सरकली. भोंग्यावरून म्हाळसाकांत हे नाव पुकारलं गेलं, एकदा नव्हे, तीनदा. अण्णानं ऐकलं. पण कुणी काही विचारत नव्हतं, नुसतं नाव घेत होतं. विचारलं नाही तर तोंड उघडायचं नव्हतं. तो बशीत ओतून फुंकर मारत राहिला. बशी त्यानं घरून आणली होती.

दारातल्या पोरीनं वहिनीला विचारलं, "आजी, तुमच्याबरोबरचे कुठं आहेत? दार बंद करायचंय."

वहिनीनं वळून बघितलं. चहाच्या टपरीवर तिला अण्णाची पाठ दिसली. एक हाक मारली असती तर पोचली असती. एकतीस वर्षं ती हाका मारत आली होती. तिला तिकडं कळा सोसणारी वैजू दिसली. आणि का कोण जाणे, लग्नातला तो ओलांडलेला डबा आठवला.

"नंबर आलाय आणि माणूस हजर नाही," वहिनी म्हणाली. "पुढचा घ्या." तिनं डबा काखेला मारला आणि आत गेली.

विमान सुटल्यावर अण्णाला विमानतळाच्या माणसांनी बाहेर आणून सोडलं. कुणीही शहाणा माणूस एसटी धरून घरी आला असता. हा विमानतळाच्या दाराबाहेरच बसून राहिला. नंबर सोडून कोण जातं? दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला.

"पोचले. नात झाली. दोघी सुखरूप आहेत. वैजूनं पहिला लाडू खाल्लासुद्धा."

"अगं, पण माझ्या नंबराचं काय?"

"नंबर आला होता. तुम्ही हजर नव्हता. तक्रार चालणार नाही."

दुसरा कुणी असता तर चिडला असता, निदान लाजला असता. अण्णा खूश झाला. परदेशातसुद्धा आपल्याच गिरणीचा नियम चालतो म्हणायचा! हे त्यानं पुढं गावभर छाती फुगवून सांगितलं, म्हणून तर मला माहीत.

तो उठला. कपडे झटकले. दारापुढं पुढच्या विमानाची रांग लागली होती. पण सामान तर सगळं जर्मनीला गेलेलं. अण्णानं क्षणभर विचार केला, पायातल्या चपला काढल्या आणि रांगेत नीट जोडून ठेवल्या. सामान झालं. आता सामानाजवळ माणूस पाहिजे, बेवारशी सोडायचं नाही. ते बरोबर लक्षात होतं.

दारात कालचेच मिशीवाले साहेब उभे होते. अण्णानं त्यांना हाताला धरून चपलांजवळ आणून उभं केलं.

"साहेब, तुम्ही इथंच थांबा. मी चहा पिऊन येतो."