सातव्या हाकेची वाट

बसा इथं, या चौथऱ्यावर. दरीपलीकडं जो काळा कातळ उभा दिसतोय, तोच मुका कडा. सकाळी तुम्ही त्याच्या माथ्यावर जाऊन आलात, जुन्या जांभळीच्या खोडातले गंजके खिळे मोजलेत, त्यांचे फोटो काढलेत, कानाला यंत्र लावून बराच वेळ उभे राहिलात. काही सापडलं नाही म्हणता. सापडणार नाही. आमच्या गावाचं, या कारवंड्याचं भूत फार अबोल आहे.

आधी एक करून बघा. डावीकडच्या त्या सुळक्याकडं तोंड करा आणि हाक मारा, कुणाच्याही नावानं. ऐकलंत? नाव जसंच्या तसं परत दिलं त्यानं. आता तीच हाक मुक्या कड्याला मारा. मारा, लाजू नका. बघा, विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं होतं. मागं एक प्राध्यापक आले होते. त्यांनी सांगितलं की कड्याच्या अंगावर झाडोरा आहे, कपारी आहेत, त्या आवाज खातात. असेल बुवा, शिकलेला माणूस. पण मग सुळक्यावरही तेवढाच झाडोरा आहे, तो का खात नाही, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी पाण्याची बाटली उघडली.

ओऽऽ! आलो गं!

माफ करा, मधेच ओरडलो. सून हाक मारतेय, चहा झाला असेल. आमच्या गावात पहिल्या हाकेला ओ देतात. हातात काम असो, तोंडात घास असो, हाक आली की आधी ओ. फोनसुद्धा पहिल्या रिंगला उचलतात, विमेवाल्यांचाही. बाकी मुलखात तुम्हाला उलटं शिकवलं असेल. पहिल्या हाकेला ओ देऊ नये, भुताला दोनच हाका मारता येतात, तिसरी आली तर माणूस समजावं. आमच्याकडंही पूर्वी हेच शिकवायचे. त्याच शहाणपणाची ही गोष्ट.

असं सांगतात की तेव्हा गावाला हैबती पाटील होता. या चौथऱ्यामागं ते पहिलं घर आहे ना, ते त्याचं. त्याची सून सगुणा. श्रावण चालू होता आणि सगुणेचे दिवस भरले होते. तुम्ही इथलं श्रावणातलं धुकं पाहिलेलं नाही. भर दुपारी स्वतःच्या हाताची बोटं दिसत नाहीत. त्यात कड्याचा माथा तर आठ-आठ दिवस गडप असतो.

सगुणेला पहाटे कळा सुरू झाल्या. दिवस वर आला तरी सुटका होईना. मूल पायाळू होतं, पाय आधी आले होते. असलं मूल सोडवणारा हात पंचक्रोशीत एकच होता, ठकूबाई झोरे. वर पठारावर धनगरवाडा होता, तिथली ती सुईण. सगुणेची आधीची दोन्ही बाळंतपणं तिनंच केली होती. दोघींचं सूत जमलेलं. ठकूबाई ताक घेऊन खाली आली की सगुणेच्या चुलीपाशी बसायची, आणि सोवळ्याची सासू काही बोलायची नाही, कारण गरज होती.

पाटलानं खंडू नावाच्या गड्याला पिटाळलं. पठारावर जायची नेहमीची वाट ओढ्यातून होती आणि ओढा दोन्ही काठ धरून वाहत होता. खंडू काठावर थांबला. त्यानं वरच्या अंगाला तोंड करून एक हाक मारली, "ठकूबायऽऽ, पाटलाच्या घरी चलऽऽ!" पाण्याच्या गर्जनेत उत्तर काही ऐकू आलं नाही. दुसरी हाक मारायची त्याची छाती झाली नाही म्हणे, कारण ओढ्याकाठी दुसऱ्यांदा नाव घेतलं की भलतंच कुणीतरी ओ देतं, अशी समजूत. तो परत आला आणि सांगितलं, हाक पोचली नाही, सुईण काही येत नाही.

हाक पोचली होती. ठकूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी तव्यावर टाकून ती उठली, विळा, दोरा, सुंठीचा तुकडा आणि एरंडेल फडक्यात बांधलं आणि निघाली. ओढा उतरायची सोय नव्हती, म्हणून तिनं पठाराला लांबचा वळसा घातला आणि माध्यान्हीच्या सुमाराला ती त्या समोरच्या माथ्यावर आली. तिथून खाली गावात उतरणारी एक पाऊलवाट आहे, जांभळीच्या डाव्या हातानं. उजव्या हाताला काही नाही, सरळ दरी.

धुक्यात धनगर डोळ्यांनी चालत नाहीत, कानांनी चालतात. एकानं हाक मारायची, दुसऱ्यानं ओ द्यायची आणि जिकडून ओ येईल तो अंदाज धरून पाऊल टाकायचं. मेंढरं काय, माणसं काय, त्यांची सगळी अशीच चालायची. ठकूबाई माथ्यावर थांबली आणि तिनं जिच्यासाठी आली होती तिलाच हाक मारली.

"सगुणाऽऽ!"

घरात सगळ्यांनी ऐकली. पडवीत पाटील होता, तीन भाऊबंद होते आणि देवऋषी होता. सुईण मिळत नाही म्हटल्यावर त्याला आणून बसवलं होतं. तो म्हणाला, कुणी तोंड उघडू नका. कड्यावरून बाईचा आवाज, तोही भर धुक्यात, आणि अडलेल्या बाईचं नाव घेऊन? ही बाळंतपणात मेलेली कुणीतरी आहे, जोडीण न्यायला आली आहे. ओ दिली की सगुणेचा जीव त्या आवाजासंगं जाईल.

दुसरी हाक आली. आतल्या खोलीत सगुणा कळांच्या ग्लानीतून जागी झाली. सासूला म्हणाली, "आत्याबाई, ती ठकूबाय हाय. मी वळखते तिचं नरडं. ओ द्या तिला." सासू म्हणाली, ठकूबाय पल्याड अडकलीय, खंडू बघून आलाय. सगुणा म्हणाली, मग मी देते. आणि तिनं ओ द्यायला तोंड उघडलं, तेव्हा सासूनं पदराचा बोळा करून तिच्या तोंडात घातला. तिच्या भल्यासाठीच घातला, यात मला शंका नाही. हेच तर जास्त लागतं.

तिसरी हाक आली. तीन म्हणजे माणूस, हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. भाऊबंदांतले दोघं उठून उभे राहिले. तेवढ्यावरच सगळं निस्तरलं असतं. पण देवऋषी त्यांच्याहून हुशार. तो म्हणाला, तिनाचा कायदा आता भुतांनाही ठाऊक झालाय, खाली बसा. मग किती हाकांना ओ द्यायची, असं पाटलानं विचारलं. काहीतरी आकडा सांगणं भाग होतं. देवऋषी म्हणाला, सात. सातवी आली तर मी स्वतः ओ देतो.

मग ते मोजत बसले. चौथी आली. पाचवी आली, ती जरा लांबून आल्यासारखी वाटली. सहावी बारीक होती, घसा बसलेली. पडवीत पाचही माणसं माना खाली घालून सातवीची वाट बघत होती, आणि आत एक बाई तोंडात बोळा घेऊन सासू आणि शेजारच्या दोघी अशा तिघींच्या हाताखाली धडपडत होती.

सातवी आली नाही. देवऋषी म्हणाला, बघा, मी म्हटलं नव्हतं?

तिकडं काय झालं ते कुणी पाहिलं नाही, पण अंदाज करायला यंत्र लागत नाही. सहा हाका मारून एकीलाही ओ नाही, म्हणजे समोर गाव नाही, आपण भलतीकडं आलो, असंच ती समजली असणार. बाळंतीण अडली आहे आणि गाव मुद्दाम गप्प बसलंय, हे तिच्या ध्यानीमनी तरी कसं येईल? ती वळली आणि उजव्या हाताला निघाली.

दिवस कलताना मूल जगात आलं. सगुणा त्यातून उठली नाही. तिच्या तोंडातला बोळा कधी काढला, याबद्दल आमच्या घरात दोन तऱ्हा सांगतात. मी कुठलीच सांगत नाही.

पाचव्या दिवशी धुकं वर उचललं. माथ्यावर जांभळीला टेकवलेली काठी सापडली. फडक्यातलं गाठोडं दरीत अर्ध्यावर करवंदीच्या जाळीत अडकलं होतं. त्याच्या खाली ठकूबाई होती.

गावानं मग काय केलं? चुकलो म्हटलं? छे. देवऋषीनं सांगितलं की भुतानं सुईणीलाही ओढून नेलं, आणि आता ती स्वतः हडळ होऊन बसणार. लगेच बंदोबस्त झाला. सकाळी तुम्ही मोजलेत ते खिळे तिला जखडून ठेवायला ठोकलेत. मारली आम्ही, आणि भूतही तिलाच केलं. तुमच्या त्या व्हिडिओत 'कड्यावरची हडळ' म्हणून नाव टाकणार आहात ना? टाका. सुरुवात आम्हीच केली आहे, तुम्हाला कुठल्या तोंडानं बोलू?

तेराव्या दिवशी ओढा उतरला आणि ठकूबाईचा नवरा बिरू झोरे गावात आला. या चौथऱ्यावर, इथंच उभा राहिला. सगळं गाव जमलं. त्याला हडळीची सगळी कथा ऐकवली. शेवटी त्यानं एकच विचारलं, "किती हाका मारल्या तिनं?"

पडवीतल्या पाचांपैकी कुणीतरी सवयीनं बोलून गेला, "सहा."

बिरू म्हणाला, "मोजल्या व्हय? म्हंजी ऐकू आल्या हुत्या."

मग तो म्हणाला, "तुमच्या खंडूनं एकच मारली हुती. ती भाकर तव्यावर टाकून उठली. घरी गेलो तवा कोळसा झाला हुता भाकरीचा."

शाप दिला का, असं आत्ता या ताईंनी विचारलं. सगळेच विचारतात. नाही दिला. दिला असता तर बरं झालं असतं. शापाला उःशाप असतो, नवससायास करून माणूस कधीतरी सुटतो. त्यानं फक्त कड्याकडं तोंड केलं आणि बायकोला हाक मारली, "ठकेऽऽ!" तोवर हा कडाही सुळक्यासारखाच बोलका होता, पोरंसोरं इथं येऊन नावं ओरडायची, असं म्हणतात. त्या दिवशी त्यानं हाक परत दिली नाही. बिरूनं थोडा वेळ वाट पाहिली आणि तो निघून गेला. महिन्याभरात पठारावरचा धनगरवाडा उठला. त्यांची मेंढरं पुन्हा या बाजूला आली नाहीत, की कुणी ताक घेऊन खाली उतरलं नाही. जोत्यांचे दगड तेवढे वर दिसतात.

गावातले सगळे मग एकेक करून कड्याला हाका मारून गेले. देवऋषीसुद्धा. कड्यानं कुणालाच ओ दिली नाही. मग देवऋषी रातोरात गाव सोडून गेला म्हणे, आणि त्याच्या जाण्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

पुढं गावात दुसऱ्या एका घरी बाळंतपण होतं. हैबती पाटील सकाळीच येऊन या चौथऱ्यावर उभा राहिला. कुणी हाक मारलेली नसताना कड्याकडं बघून "ओऽऽ" द्यायला लागला आणि मूल होईपर्यंत देत राहिला. लोकांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलंच असेल. पण तेव्हापासून ते ओ देणं आमच्या घराकडं आलं. हो, आमच्याच. मघाशी बोललो नाही. ते पायाळू मूल जगलं, ते माझे खापरपणजोबा. तोंडात बोळा घातलेल्या बाईच्या पोटातून आम्ही सगळे आलोय.

तुमचं ते यंत्र माथ्यावर ठेवून जाणार म्हणता, ठेवा. फक्त 'कोणी आहे का', 'तू कोण आहेस' असलं काही तिला विचारू नका. ती कोण होती हे त्या दिवशीही घरातल्या एका बाईला ठाऊक होतं, आणि तिनं सांगितलंही होतं.

आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. फोन केला की गाडी येते, डांबरी रस्ता आहे, कुणाला कड्यावरून उतरावं लागत नाही. माझा मुलगा म्हणतो, आबा, पुरे करा आता, लोक हसतात. हसू देत. मागच्या महिन्यात नातसुनेच्या वेळी मी सकाळी सातपासून इथं उभा होतो. चौऱ्याऐंशी वय, दुपारपर्यंत घसा पार बसला. मग नातवाचा फोन आला, मुलगी झाली. मी म्हटलं, ठकू नाव ठेवा. नाही ठेवलं. जुनाट वाटतं म्हणे.

आजही गावात कुणाला कळा सुरू झाल्या की आमच्या घरचा एक माणूस या चौथऱ्यावर येतो, कड्याकडं तोंड करतो आणि बाळ रडल्याची खबर येईपर्यंत ओ देत राहतो. धुकं असो नसो. सातव्या हाकेला ओ देतो, असं पडवीत कबूल केलं होतं. ओ आम्ही इतक्या पिढ्या देतोय. सातवी हाक अजून आलेली नाही.