साहेबांनी दाखवलेला शब्द

घारपुरे साहेब तपासणीला आले, तेव्हा कुंभारे बाईंच्या आठवीत इंग्रजीचा खेळ ऐन रंगात होता. चिठ्ठी उचलायची, तिच्यातला शब्द न बोलता करून दाखवायचा, बाकीच्यांनी ओळखायचा.

साहेब काही खुर्चीत टेकेनात. घड्याळ बघत, टेबलावर बोटं वाजवत त्यांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. "आटपा हो बाई! हा पोरखेळ उद्यापासून बंद."

बाई वर्गाकडे वळल्या. "साहेबांनी कोणता शब्द दाखवला रे?"

"इम्पेशंट!" अख्खा वर्ग ओरडला.

साहेब थबकले. "मी कुठं खेळलो?"

"चिठ्ठी न उचलता तुम्ही शब्द दाखवलात, पुस्तक न उघडता मुलांनी ओळखला. आता पोरखेळ म्हणू नका साहेब, त्यात तुम्हीही आहात."

साहेब अखेर खुर्चीत टेकले.