माळढोक आणि दोन कॅमेरे

माळावर गवत कमरेइतकं वाढायचं, तेव्हाची ही गोष्ट. तिथे एकच माळढोक उरला होता. कुंदा रोज आडोशाला बसून त्या पक्ष्याला न्याहाळायची.

“बाई, तो समोर उभा आहे. काढा फोटो,” तिचा जुना कॅमेरा म्हणायचा.

“तुझ्या खटक्याने तो बुजेल. नवा कॅमेरा ठरू दे,” कुंदा म्हणायची.

एक कॅमेरा जड वाटे, दुसरा मंद. ठरवण्यात दोन हिवाळे गेले.

अखेर आवाज न करणारा नवा कॅमेरा घेऊन ती माळावर आली. विजेच्या तारांखाली माळढोक मरून पडला होता.

“बाई, मी सेकंदाला वीस फोटो काढतो,” नवा कॅमेरा म्हणाला. “कुठे आहे तो?”

कुंदाने त्याच्या भिंगावर तळहात ठेवला. त्याला ते दिसू नये, एवढंच आता तिच्या हातात होतं.