गेनूची वेबसाइट सापडली

कुसळवाडीत गेनू नावाचा एक भोळा शेळीवाला होता. भोळा म्हणजे किती? सांगाल ते करायचा. फक्त जिथे सांगाल तिथे करायचा नाही, एवढंच.

शेळ्यांतलं मात्र त्याला बारीकसारीक कळायचं. कुठल्या पाल्याने पोट फुगतं, कुठल्याने उतरतं. ते सगळं लिहून त्याने स्वतःची वेबसाइट केली होती. विकी म्हणतात तसली. एका विषयाला एक पान. पोटफुगीचं पान, खुरांचं पान, चंद्री शेळीचं पान, चंद्रीच्या आईचं पान. वाचायला कुणी नव्हतं, पण पानं होती.

शेजारच्या गावच्या दौलतआबांची सारिका गेनूला आवडायची. सारिकेलाही गेनू आवडायचा. का, ते तिचं तिला ठाऊक. आबा म्हणाले, "वेबसाइट आहे म्हणतोस, मग मी मोबाईलवर शोधली तर सापडत का नाही? सापडली की ये पोहे खायला. तोवर पोरीचं नाव काढू नकोस. दुसरी स्थळं आहेत आमच्याकडे."

गेनूची मामेबहीण मेघाताई पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. त्याने तिला फोन लावला. ताईने तिकडे वेबसाइट उघडली आणि बोंबच मारली.

"गेन्या, सर्च इंजिनसाठी हे काय लिहून ठेवलंयस? 'कुणीही आत येऊ नये'?"

"आई म्हणते, अनोळखी माणसाला आत घेऊ नये."

"अरे बावळटा, ते घराचं झालं! सर्च इंजिन दाराशी येतं, तुझी पाटी वाचतं आणि आल्या पावली परत जातं. येईल त्याला आत घ्यायचं. कोपरान् कोपरा बघू द्यायचा. वर कुठे काय आहे त्याचा नकाशाही द्यायचा."

"बरं ताई," गेनू म्हणाला.

त्याने पाटी काढली, नकाशा लावला. इथवर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी दारात एक टेम्पो थांबला. आतून एक मिशाळ माणूस उतरला, अगदी अनोळखी. गेनूने त्याला हाताला धरून गोठ्यात नेलं. कोपरान् कोपरा दाखवला. मागच्या दारापर्यंतचा नकाशा काढून दिला. मग पाहुण्यासाठी चहा टाकायला गेला. चहाला उकळी येईपर्यंत बोकड, टेम्पो आणि मिशा, तिन्ही गुल.

आईने छाती बडवून घेतली. गेनूने ताईला फोन लावला.

"अरे देवा!" ताई म्हणाली. "तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय का? चांगलं ते असं दिसेल तिथे ठेवायचं नसतं. आत ठेवायचं, झाकून!"

"बरं ताई."

गेनूने तडक मोबाईल घेतला आणि वेबसाइटवरची चांगली चांगली पानं झाकून टाकली. पोटफुगी झाकली, खुरं झाकली, चंद्री तर आधी झाकली. उघडं राहिलं एकच पान. दौलतआबांनी त्याच दिवशी शोधलं, तर ते पान बरोब्बर सापडलं. 'शेळीच्या लेंड्या : रंग आणि वास.'

"पोरगी काय उकिरड्यावर देऊ?" आबांनी निरोप धाडला.

गेनू रडकुंडीला आला. ताई तर त्याच्याही आधी आली होती.

"गोठ्याचं गोठ्यात ठेव रे बाबा! वेबसाइटवर उलट असतं. एकही सुटं राहता कामा नये. एकाला दुसरं जोड, दुसऱ्याला तिसरं. एकाच्या मागून सगळ्यांकडे जाता आलं पाहिजे."

"बरं ताई."

गेनूने पानाला पान जोडलं. झकास जोडलं. मग ताईचं म्हणणं त्याला इतकं पटलं की सकाळी चरायला नेताना त्याने सगळ्या शेळ्याही एकीला एक बांधल्या. एकही सुटी ठेवली नाही. वाटेत सरपंचांच्या दारात मांडव होता, त्यांच्या पोरीच्या साखरपुड्याचा. चंद्रीला आंब्याचं तोरण दिसलं. चंद्री निघाली. चंद्रीच्या मागून सगळ्या निघाल्या, त्यांचा तरी काय इलाज? दोराने मांडवाच्या खांबांना असा काही वेढा घातला की मांडव भटजींसकट खाली बसला.

सरपंचांनी जे काही म्हटलं ते लेकराबाळांत सांगण्यासारखं नाही.

ताईला हे गावभर झाल्यावर कळलं. "अरे, मला आधी कळवायचंस तरी! आणि हो, वेबसाइटलाही फीड लाव. लोक एकदा नाव नोंदवतात. मग तू काही नवं घातलंस, काही काढलंस, की त्यांच्या मोबाईलवर आपोआप वर्दी जाते. काय केलं, का केलं, दोन्ही लिहीत जा. लपवाछपवी नको."

"बरं ताई."

आणि काय सांगू, या खेपेला गेनूने धडा जिथला तिथेच लावला! शेळीवाल्यांनी नावं नोंदवली. दौलतआबांच्या झाडून साऱ्या भावकीने नोंदवली, जावई कसला आहे ते बघायला. वेबसाइट सर्चमध्येही वर आली. आबांनी शोधली आणि सापडली. गेनूला पोह्याचं बोलावणं आलं.

आता आबांची एक गोष्ट सांगायची राहिली. साठी उलटली तरी आपण ऊस दातांनी सोलतो, ही त्यांची पंचक्रोशीतली फुशारकी. पोहे झाल्यावर गेनू हात धुवायला परसात गेला. तिथे आबा पाठमोरे चूळ भरत होते आणि शेजारी वाटीत त्यांची कवळी होती.

गेनूला नवी माहिती मिळाली. नवी माहिती म्हणजे नवं पान. बैठकीत येऊन त्याने मोबाईलवर ते लिहिलंही. भावकीचे मोबाईल टिंग टिंग वाजले. 'नवं पान : दौलतआबा.'

"माझ्यावर पान?" आबांची छाती फुगली. त्यांनी सगळ्यांच्या आधी आपल्या मोबाईलवर पान उघडलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मोबाईल पोटाशी धरून ते गेनूच्या कानाशी आले.

"पूस हे. कुणी उघडायच्या आत पूस. पोरगी दिली तुला, शालू दिला, घोडा दिला. पण पूस!"

"बरं आबा," गेनू म्हणाला. पोरगी मिळाली होती. त्याने पान पुसलं. अगदी स्वच्छ पुसलं. आबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. दाराआड सारिका लाजली.

तेवढ्यात सगळे मोबाईल पुन्हा वाजले. आबांच्या चुलत्याला बारीक अक्षर दिसायचं नाही, म्हणून त्याच्या नातवाने खणखणीत आवाजात वाचलं :

"'काढून टाकलं : आबांचे ऊस सोलायचे दात खोटे असून चूळ भरताना ते वाटीत असतात, ही माहिती. कारण : कुणाला कळू नये, असं आबा म्हणाले.'"

बैठकीत कुणी खोकलं, कुणी पोह्यांच्या बशीत तोंड घातलं. दाराआड सारिकेने ओढणी तोंडात कोंबली. हसत होती की रडत होती, देव जाणे.

"नीघ इथनं!" आबा गरजले. "लग्न मोडलं!"

"बरं आबा," गेनू म्हणाला आणि पायरीवर बसून त्याने मोबाईल काढला. आत सगळे मोबाईल पुन्हा टिंग टिंग वाजले.