गुरुजींनी मोडलेली एकादशी

एकदा एक पन्नाशीतला शिष्य मठात पोथी वाचायला बसला आणि वाचता वाचता चक्क पेंगला. यज्ञेश्वर त्याचं नाव. श्रोते गालातल्या गालात हसले. तो बिचारा शरमेनं अर्धमेला झाला.

अलीकडे त्याचं शरीर जड झालं होतं, आवाज घोगरा झाला होता, चार पायऱ्या चढल्या की बसावंसं वाटे, भर उन्हाळ्यातही थंडी वाजून शाल लागे. भरीस भर म्हणून उजव्या पायाचा अंगठा अधूनमधून असा सुजे, की नुसतं धोतराचं टोक लागलं तरी जीव कळवळे. डॉक्टरांनी रक्त तपासून स्पष्ट सांगितलं होतं, "तुमची थायरॉईडची ग्रंथी मंद चालते, म्हणून ही सुस्ती. शिवाय युरिक अ‍ॅसिड वाढलंय, म्हणून हा अंगठा. गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्या, पाणी भरपूर प्या, आणि कडक उपास अजिबात नकोत."

पण ऐकेल तो यज्ञेश्वर कसला! गुरुजी पूर्वी एका प्रवचनात बोलून गेले होते, "ज्याची सुस्ती सुटत नाही, त्यानं पोटाला शिक्षा करावी." बाकीचे श्रोते घरी जाऊन पोटभर जेवले. ह्यानं ते वाक्य मनाशी घट्ट धरलं. गोळी खाऊन उत्साह आणायचा म्हणजे देवाशी लबाडी, असं ठरवून त्यानं गोळ्या बंद केल्या आणि प्रत्येक एकादशी निर्जळी धरली. दर खेपेला अंगठा पेटे. त्याला वाटे, देव कसोटी पाहतोय.

एका एकादशीला तर त्याला उठवेचना. दोघांनी धरून सभामंडपात आणलं. गुरुजींनी जवळ बसवून खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळी हकीकत बाहेर आली.

गुरुजी ऐंशीच्या घरातले. चाळीस वर्षांत त्यांची एकादशी चुकली नव्हती. ते म्हणाले, "आजाऱ्यांसाठी केलेला मऊ भात आणा. आणि पाण्याचा तांब्या."

भात आला. गुरुजींनी सर्वांदेखत पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला.

"गुरुजी, हे काय केलंत! आज एकादशी आहे!" यज्ञेश्वर रडकुंडीला आला.

"ठाऊक आहे मला. हे माझं प्रायश्चित्त आहे. आळस कशाला म्हणावं आणि आजार कशाला, हे न जाणता मी बोललो, आणि तू ते खरं मानलंस. चूक माझी आणि भोगतोय तुझा पाय, हा कुठला न्याय? अरे, तुझी ग्रंथी दमली आहे. त्यात तुझ्या भक्तीचा काय दोष? गोळीनं येणारं बळही देवाचंच. या दोन्ही दुखण्यांना सांभाळत तुला जन्मभर राहायचंय, तेच तुझं व्रत समज. माझ्या व्रताहून ते कठीण आहे बाबा, कारण त्याला पारणं नाही."

गुरुजींनी दुसरा घास त्याच्यापुढे धरला. यज्ञेश्वरानं तो खाल्ला, तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्याला, आणि इतक्या महिन्यांचं साठलेलं रडू एकदम फुटलं. गुरुजींनी त्याला रडू दिलं.

आपल्याही घरात कुणी भर वैशाखात शाल पांघरून बसत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा त्याचं रक्त तपासून घ्यावं.