केरबा रेघ सोडत नाही

एका गावात एक भोळा नवरा होता. भोळे नवरे गावोगावी असतात, पण ते घरात भोळे आणि पारावर शहाणे. हा दोन्हीकडे सारखाच. नाव केरबा. अंगानं धिप्पाड, मनानं निर्मळ. सांगितलेली गोष्ट डोक्यात एकदा शिरली की तिला बाहेर यायला वाट नव्हती.

बायको सुलभा मात्र हुशार. लग्नाबारशाला स्पीकर लावायचा तिच्या वडिलांचा धंदा. त्यांच्यामागं तो तिनं चालवला, आणि थेट कॉम्प्युटरवर नेला. पूर्वी गाण्यातल्या आवाजाची वाटणी खोक्याच्या पोटातली तारेची गुंडाळी करायची, तीही अंदाजपंचे. सुलभानं गुंडाळ्या काढून फेकल्या. आता वाटणी कॉम्प्युटर करायचा. पडद्यावर एक उभी रेघ. रेघेच्या अलीकडचा जाड आवाज परातीएवढ्या स्पीकरला, पलीकडचा बारीक आवाज वाटीएवढ्या ट्वीटरला. तिला क्रॉसओव्हर म्हणतात, असं सुलभा सांगायची. केरबा तिला रेघच म्हणायचा.

आता घरात कार्य होतं. सुलभाची धाकटी बहीण वैजयंता हिचं लग्न ठरलं होतं. मुलगा संपत चांगला, वैजयंताला मनापासून आवडलेला. अडचण एकच, संपतची आई. अक्काताई म्हणजे निखारा. तिनं आधीच बजावलं होतं, "मुहूर्त टळला तर वऱ्हाड तसंच माघारी फिरंल. मग रडत बसू नका."

सुलभाला वाटलं, नवऱ्याला थोडं काम शिकवावं, कार्यात हाताशी येईल.

"हे बघा," ती म्हणाली, "जाड ते मोठ्याला, बारीक ते लहानाला. लहानाला जाड दिलं की ते जळतंय. ध्यानात ठेवा."

"ठेवतो की," केरबा म्हणाला.

आणि ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शेजारी वैजयंताचं केळवण होतं. वाढायला माणूस कमी पडला, म्हणून केरबाच्या हातात परात आली. त्यानं मोठ्यांच्या पानात पुरणपोळ्या घातल्या, भजी घातली, भाताचे ढिगारे रचले. पोरांच्या पानात कटाच्या आमटीचं वरचं पाणी, पळीपळीभर, आणि वर शेवेची एकेक काडी. पोरांनी आधी पानाकडं बघितलं, मग केरबाकडं, आणि मग सगळ्यांनी मिळून भोकाड पसरलं.

"रडू नगा," केरबा मायेनं म्हणाला, "तुमी जळू नये म्हणून चाललंय."

एका पोराच्या आईनं त्याच्या हातातली परात हिसकावून घेतली. सुलभानं कपाळावर हात मारला.

"अवो, पंगत म्हंजे काय स्पीकर हाय? असलं डावंउजवं करायचं न्हाई. सगळ्यास्नी सगळं, सारखं द्यायचं. ध्यानात ठेवा."

"ठेवतो की," केरबा म्हणाला.

आणि ठेवलं. हीच तर पंचाईत होती. विसराळू असता तर सुखी झाला असता.

सकाळी सुलभा पाण्याला गेली. जाताना म्हणाली, "जरा गाणं लावून बघा, वाजतंय का." केरबा कॉम्प्युटरसमोर बसला. पडद्यावर बघतो तर काय, मोठ्या धेंडाला आवाजातला भरभक्कम वाटा, आणि बिचाऱ्या ट्वीटरला नुसती चिंधी! त्याचा जीव कळवळला. घरच्याच खोक्यांत असलं डावंउजवं? त्यानं रेघ ओढत ओढत पार पडद्याबाहेर नेली. सगळ्यांना सगळं, सारखं. आणि गाणं लावलं.

ट्वीटरनं चिर्र केलं. मग टक् केलं. मग काहीच केलं नाही. थोडा धूर आला.

सुलभा घागर घेऊन आली ती उंबऱ्यातच बसली. तिनं कोल्हापूरहून दोन नवीन ट्वीटर मागवले, एक लावायला आणि एक जपून ठेवायला. मग नवऱ्याला समोर बसवून तपासायची रीत सांगितली.

"एकदम सगळी चालू करायची न्हाईत. एका वेळी एकालाच बोलू द्यायचं, बाकीच्यांची तोंडं बंद. एकाचं नीट झालं की मग दुसरं. ध्यानात ठेवा."

"ठेवतो की."

त्याच आठवड्यात देण्याघेण्याच्या याद्या करायला पाहुणे आले. अक्काताई आली, संपतचा मामा आला. चहा झाला आणि बैठकीत सगळे एकदम बोलायला लागले. केरबानं ऐकलं आणि तो दचकला. सगळी एकदम चालू! जवळ मामा बसला होता, म्हणून त्याला म्हणाला, "तुमी बोला." मामा बोलायला लागला. तेवढ्यात अक्काताईनं तोंड उघडलं. केरबानं आपला भलामोठा पंजा तिच्या तोंडावर ठेवला.

"थांबा. हेंचं तपासून झालं की तुमी."

बैठक गार पडली. फक्त मामा बोलत राहिला. बहिणीसमोर आपलं वाक्य पुरं करायचा योग त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता, आणि तो काही ते लवकर पुरं करेना.

सुलभानं अक्काताईच्या पाया पडून कसंबसं निभावलं. पाहुणे गेल्यावर ती नवऱ्यावर कडाडली.

"पाहुण्यास्नी असं अडवत्यात व्हय? ते काय म्हणतील त्याला 'व्हय' म्हणायचं आन् तसं करायचं! ध्यानात ठेवा!"

"ठेवतो की."

लग्नाचा दिवस उजाडला. मामा वऱ्हाडाच्या आधीच येऊन मांडवात हात मागं बांधून हिंडत होता. केरबाशी त्याची गट्टी जमली होती. कॉम्प्युटरपाशी येऊन तो म्हणाला, "पाहुणं, ही रेघ कशाला मधी? काढून टाका की. आवाज कसा घुमंल बघा."

"व्हय," केरबा म्हणाला आणि रेघ काढली.

चिर्र. टक्. धूर.

सुलभा धावत आली. जपून ठेवलेला ट्वीटर तिनं बसवला. आता तोच शेवटचा. कनातीच्या मागं वैजयंता मुंडावळ्या बांधून बसली होती. तिच्याकडं बघून सुलभाला रडू फुटलं. बहिणीला आई नाही, बाप नाही, आणि आज काही बिघडलं तर अक्काताई पोरीचं वाटोळं करेल.

डोळे पुसत ती म्हणाली, "ऐका. मधी रेघ हाय म्हणून सगळं टिकून हाय. कुणीबी सांगू दे, मी सांगू दे, देव येऊन सांगू दे, चालू हाय तंवर ती रेघ काढायची न्हाई. बंद पडलं की मगच काढायची."

बायकोचे डोळे बघून केरबालाही भरून आलं. "जीव गेला तरी न्हाई काढणार," तो म्हणाला.

"आन् आता कॉम्प्युटरकडं फिरकू नगा. गुरुजींस्नी काय लागतंय ते बघा जावा."

गुरुजींना माणूसच हवा होता. नवरा पाटावर, नवरी पाटावर, मधे अंतरपाट. एक टोक मामानं धरलेलं. गुरुजी म्हणाले, "धरा हो हे दुसरं."

केरबानं धरलं. अलीकडं बघितलं तर उंचापुरा संपत. पलीकडं नाजूक वैजयंता. आणि मधे हे कापड. केरबाला लख्ख उजेड पडला.

मंगलाष्टका सुरू झाल्या. सुलभाच्या हातानं लावलेला आवाज मांडवभर खणखणीत घुमला. अक्षता पडल्या. शेवटचं 'सावधान' झालं, गुरुजी म्हणाले, "अंतरपाट उत्तरेकडं घ्या." मामानं आपलं टोक सोडलं. केरबानं ते वरच्या वर झेललं आणि दोन्ही हात फाकून भिंतीसारखा उभा राहिला.

"अहो, सोडा!" गुरुजी म्हणाले.

"न्हाई."

"काढ की रं!" मामा म्हणाला.

"तुमचं एकदा ऐकलंय."

दोघांनी कापड ओढून बघितलं. दोघेही कापडासकट केरबाकडं ओढले गेले. गुरुजींनी घड्याळ बघितलं, घाम पुसला, आणि ठेवणीतली आणखी एक मंगलाष्टका लांबवून म्हटली. लोकांच्या हातातल्या अक्षता संपल्या. कापडाच्या वरून वैजयंताची हार धरलेली बोटं तेवढी दिसत होती.

सुलभा कॉम्प्युटर टाकून धावत आली. "अवो, सोडा! मी सांगतीया!"

"तू सांगशील, हे तूच सांगितलंस," केरबा म्हणाला.

"अहो, मुहूर्त टळतोय!" गुरुजी रडकुंडीला आले. "मग काढणार तरी कधी?"

गुरुजींचा माईक केरबाच्या हनुवटीखाली होता. तो शांतपणे म्हणाला, "चालू हाय तंवर न्हाई. लगीन मोडलं की लगेच काढतो."

शब्द न् शब्द स्वच्छ. त्यातलं जाड मोठ्या स्पीकरमधून आलं, बारीक ट्वीटरमधून आलं, आणि वेशीपर्यंत ऐकू गेलं.

अक्काताई ताडकन उठली. "काय म्हणालं हे अवलक्षणी? ऐन मुहूर्ताला? चला रे! मोडलं हे लगीन!"

"मोडलं व्हय?" केरबा म्हणाला. "मग काढतो." त्यानं अंतरपाट काढला, नीट चौघडी केली आणि खांद्यावर टाकला.

नवरानवरी समोरासमोर. वैजयंता काही केरबा नव्हती. अक्काताई चपला शोधतेय तोवर तिनं संपतच्या गळ्यात हार घातला. संपतनं तिच्या गळ्यात घातला. गुरुजी घड्याळावरची नजर न काढता ओरडले, "साधला! मुहूर्त साधला!" वाजंत्री वाजली, टाळ्या पडल्या. अक्काताई एका पायात चप्पल घालून उभीच राहिली. सुलभा मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली.

केरबानं कान टवकारले. वाजंत्री, टाळ्या, गलका.

"आरं तिच्या, परत चालू झालं की हे!" असं म्हणून त्यानं खांद्यावरचं कापड उलगडलं आणि दोघांच्या मधे ताणून धरलं.

सुलभा उठली आणि तिनं मेन स्विचच खाली ओढला. वाजंत्रीवालेही घाबरून थांबले. मांडव चिडीचूप. "हे बघा, बंद पडलं! आता काढा!"

केरबानं कापडाच्या अलीकडं डोकावून बघितलं. मग पलीकडं बघितलं.

"कुठं बंद पडलंय? दोघंबी हसाय लागल्यात की."

वऱ्हाड निघालं तेव्हा जीपमध्ये एका खिडकीशी नवरा बसला, दुसऱ्या खिडकीशी नवरी, आणि मधे हात ताणून केरबा. मुक्कामाला पोचल्यावर अक्काताईनं दारातच त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. तिनं भाकरतुकडा घेतला आणि तिघांवरून ओवाळून टाकला.